गिटहबचं कुलमुखत्यारपत्र

तो पडदा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. एखादा एआय मदतनीस आपल्या गिटहबच्या खात्याला जोडायला गेलं की येतो तो. वर दोन गोल चित्रं, मध्ये तुटक रेघ, त्याखाली परवानग्यांची यादी आणि सगळ्यात शेवटी एक हिरवं बटण. यादी कोणी वाचत नाही. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार आपण जसा वाचतो तसंच हे. भाडं आणि डिपॉझिट बघायचं, बाकी एजंट बोट ठेवेल तिथे सही. (खरं सांगा, तुमच्या करारातलं सातवं कलम काय होतं?)

त्या यादीत बऱ्याचदा एक ओळ असते, 'रिपॉझिटरीज : पब्लिक अँड प्रायव्हेट'. दिसायला अगदी साधी. अर्थ असा, की कंपनीने आडकाठी घातली नसेल तर तुमच्या खात्यातून जे जे रेपो उघडतात ते सगळे या मदतनीसाला वाचता येतील आणि त्यांत लिहिताही येईल. कॉलेजातला अर्धवट सोडलेला प्रोजेक्ट, कंपनीचा पेमेंटचा कोड, आणि ज्या क्लायंटशी गुप्ततेचा करार केलाय त्याचाही माल, सगळं एकाच सहीत.

आपल्याकडे याला छान शब्द आहे, कुलमुखत्यारपत्र. अमेरिकेतला मुलगा पुण्यातल्या फ्लॅटच्या व्यवहारासाठी काकांच्या नावाने करून देतो ते. शहाणा वकील असेल तर तो विचारतो, अहो 'कुल' कशाला? एकच फ्लॅट विकायचाय ना, मग खास मुखत्यारपत्र करा. फ्लॅट कोणता, काम कोणतं, मुदत किती, सगळं लिहून टाका. संगणकाच्या जगात असा सल्ला पहिल्यांदा दिला गेला त्याला साठेक वर्षं झाली आणि आपण अजूनही 'कुल'च करून देतोय. हे असं कसं झालं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात एमआयटीपासून करावी लागते. १९६१ मध्ये तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची यंत्रणा दाखवली. एकच अवाढव्य संगणक, पण अनेक लोक आपापल्या टर्मिनलवर बसून तो एकाच वेळी वापरू शकत. आता प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या आणि प्रत्येकाला वेळही मोजून द्यायचा, म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. झालं, तिथून आपल्या मागे हे लचांड लागलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे चार तास पुरेनात. मग त्याने पंचकार्डावरून पासवर्डची अख्खी फाइल छापायची मागणी टाकली आणि यंत्राने ती इमानदारीत छापून दिली! हा उद्योग त्याने कबूल केला तो पंचवीसेक वर्षांनी.

गंमत सोडा, पण पासवर्डचा मूळ दोष यात दिसतो. पासवर्ड म्हणजे 'मी तो आहे' असं सांगणारा शब्द. ज्याच्या हाती तो लागला तो 'मी' झाला. अर्धा मी, फक्त वाचणारा मी, शुक्रवारपर्यंतचा मी, असं काही त्यात सांगायची सोयच नाही.

हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. १९६६ मध्ये जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी 'केपेबिलिटी' ही कल्पना मांडली. तू कोण आहेस ते विचारतच नाही, तुझ्या हातात या एका वस्तूसाठी या एका कामाची चिठ्ठी आहे का, तेवढं दाखव. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी तर नियमच लिहून ठेवला की प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत. आज मुलाखतीत 'प्रिन्सिपल ऑफ लीस्ट प्रिव्हिलेज' म्हणून आपण जे घडाघडा म्हणून दाखवतो ते हेच. म्हणजे तत्त्व पन्नास वर्षांपूर्वीच छापून झालंय. पुढची सगळी गोष्ट ते न पाळल्याची आहे.

आता या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे.

टिमशेअर नावाची एक अमेरिकन कंपनी होती. ती संगणकाचा वेळ भाड्याने द्यायची (आजच्या क्लाउडची आजी म्हणा). तिच्या यंत्रावर फोरट्रानचा एक कंपायलर होता आणि तो 'एसवायएसएक्स' नावाच्या फोल्डरमध्ये राहायचा. लोक भाषेतल्या कुठल्या सोयी किती वापरतात याची आकडेवारी त्याने जमवावी असं ठरलं. ती आकडेवारी त्याच फोल्डरमधल्या 'स्टॅट' नावाच्या फाइलीत लिहायची. म्हणून कंपायलरला आपल्या घरच्या फोल्डरमध्ये लिहायची खास परवानगी दिली. इथवर ठीक.

पण त्याच फोल्डरमध्ये 'बिल' नावाचीही एक फाइल होती. गिऱ्हाइकांच्या बिलांची माहिती तिच्यात असायची. कंपायलर चालवताना 'डीबगिंगचा मजकूर अमुक फाइलीत टाक' असं गिऱ्हाइकाला सांगता यायचं. एकाने त्या फाइलीचं नाव दिलं ते नेमकं या 'बिल'चं. गिऱ्हाइकाला स्वतःला त्या फाइलीला हात लावायची मुभा नव्हती. पण लिहिणारा तो कुठे होता? लिहिणारा कंपायलर, आणि त्याच्याकडे घरच्या फोल्डरची परवानगी. ऑपरेटिंग सिस्टिमने परवानगी तपासली, ती होती, दार उघडलं, आणि बिलांची माहिती पुसली गेली.

नॉर्म हार्डी यांनी ही हकिगत १९८८ मध्ये 'द कन्फ्यूज्ड डेप्युटी' या नावाने छापली. 'गोंधळलेला मुखत्यार' म्हणा हवं तर. टिपण छोटंसंच आहे, आणि त्यातला प्रश्न असा की चूक कोणाची? कंपायलरला हॅक केलेलं नव्हतं. त्याने कुणाचा पासवर्ड चोरला नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिमने नियम पाळला. घोटाळा एवढाच की कंपायलर दोन मालकांची कामं करत होता, परवानगी एकाने दिलेली आणि फाइलीचं नाव दुसऱ्याने, आणि लिहिताना 'मी हे कोणाच्या अधिकारात करतोय' हे सांगायला त्याच्याकडे जागाच नव्हती. हार्डींचं उत्तर होतं १९६६ चं, म्हणजे केपेबिलिटी. नाव आणि अधिकार वेगवेगळे फिरू देऊ नका. ज्याने फाइलीचं नाव दिलं, त्यानेच त्या फाइलीची चिठ्ठीही द्यावी. त्या गिऱ्हाइकाकडे 'बिल'ची चिठ्ठीच नव्हती, म्हणजे प्रश्न मिटला असता.

हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मधली वर्षं भराभर जाऊया. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून ऐकले, त्या वैतागातून टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. पासवर्डच्या जागी किल्ल्यांची जोडी आली. मोठीच सुधारणा. आजही आपण गिटहबवर 'पुश' करतो ते बऱ्याचदा त्याच वाटेने. पण किल्ली असली तरी ती अख्ख्या वाड्याचीच, एका खोलीची नव्हे.

मग वेब २.० चा जमाना आला. त्या काळी तुम्ही शाळेत असाल तर सांगतो, २००६-०७ च्या सुमारास कुठल्याही नव्या सोशल साइटवर नाव नोंदवलं की पहिला प्रश्न असायचा, 'तुमचे मित्र आधीच इथे आहेत का ते बघू, जीमेलचा पासवर्ड द्या'. आणि लोक द्यायचे हो! हसू नका. ऑफिसातली भली भली माणसं द्यायची. पत्ते वाचण्यापुरतं काम, आणि त्यासाठी आख्खी मेलबॉक्स दुसऱ्याच्या हवाली. याहू, गूगल, फ्लिकर यांनी यावर आपापले तोडगे काढले होते, पण प्रत्येकाचा घोडा वेगळा.

नोव्हेंबर २००६ मध्ये ट्विटरमधले ब्लेन कुक ओपनआयडी बसवायच्या खटपटीत होते. मॅग्नोलिया नावाच्या बुकमार्कांच्या साइटवाल्यांपुढेही तशीच अडचण होती, की ज्या माणसाने पासवर्ड दिलेलाच नाही त्याच्या वतीने एखाद्या छोट्या विजेटला आत कसं घ्यायचं? (या मॅग्नोलियाचा जानेवारी २००९ मध्ये सगळा डेटाच उडाला, पण तो वेगळा विषय.) मंडळी एकत्र बसली तेव्हा लक्षात आलं की यासाठी सगळ्यांना वापरता येईल असं प्रमाण कुठेच नाही. त्यातून डिसेंबर २००७ मध्ये 'ओऑथ'ची पहिली आवृत्ती आली. ती समजावून सांगायला एरन हॅमर उदाहरण द्यायचे ते व्हॅले पार्किंगच्या किल्लीचं. काही महागड्या गाड्यांबरोबर एक जादा किल्ली मिळते. हॉटेलच्या पोऱ्याला ती दिली की त्याला गाडी लावता येते, पण डिकी उघडत नाही आणि फार लांबही नेता येत नाही.

कल्पना झकास. पासवर्ड कुणाला द्यायचाच नाही. मूळ साइटवर जायचं, तिथे 'हो' म्हणायचं, आणि ती साइट पाहुण्याला एक टोकन देणार. टोकन हवं तेव्हा रद्द करता येतं, पासवर्ड न बदलता. २००९ च्या एप्रिलमध्ये यात एक भोक सापडलं. चोराने व्यवहार सुरू करायचा, मधली लिंक तुम्हाला पाठवायची, तुम्ही विश्वासाने 'हो' म्हणायचं, आणि तुमच्या खात्याला जोडला जायचा तो चोर. दोन महिन्यांत दुरुस्ती आली. २०१२ मध्ये ओऑथ २.० आलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आत हॅमर स्वतःच वैतागून बाहेर पडले, आपलं नावसुद्धा काढून घेतलं. त्यांच्या काही तक्रारी मला पटतात, काही नाही. पण एक गोष्ट खरी, की २.० मधलं नेहमीचं टोकन हे नुसतं 'ज्याच्या हाती त्याचं' असतं. सिनेमाच्या तिकिटासारखं. दारावरचा माणूस तिकीट बघतो, चेहरा नाही.

आणि व्हॅले किल्लीचं काय झालं? तर गाडीवाल्याने ती बनवायचा कंटाळा केला. ओऑथमध्ये 'स्कोप' नावाची सोय आहे, म्हणजे कशाकशाची परवानगी ते लिहायची जागा. पण तिथे काय काय लिहिता येईल हे ठरवतो तो किल्ल्या देणारा. गिटहबवर 'रेपो' नावाचा जो स्कोप आहे तो म्हणजे सगळे खाजगी रेपो, वाचणं आणि लिहिणं दोन्ही. ओऑथच्या वाटेने आलेल्या पाहुण्याला 'खाजगी कोड फक्त वाच' असं सांगणारा स्कोपच नाही. व्हॅले किल्ली म्हणून दिली ती मूळ किल्लीच, फक्त रंग वेगळा.

याची किंमत एप्रिल २०२२ मध्ये कळली. हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन सेवा लाखो लोकांनी आपल्या गिटहब खात्यांना जोडलेल्या होत्या. बिल्ड करायचं, डिप्लॉय करायचं, साधी कामं. त्यांच्या नावाने दिलेली ओऑथ टोकनं कोणीतरी चोरली, आणि त्यांच्या जोरावर डझनावारी संस्थांचे खाजगी रेपो उतरवून घेतले. एनपीएम त्यांत होतं, म्हणजे जगभरातली जावास्क्रिप्ट जिथून येते ते कोठार. उतरवलेल्या रेपोंमधून, गिटहबच्याच अंदाजाप्रमाणे, अ‍ॅमेझॉन क्लाउडची एक किल्ली चोरांच्या हाती लागली आणि तिने पुढचं दार उघडलं. या सगळ्यात कोणाही डेव्हलपरचा पासवर्ड फुटला नव्हता. त्यांनी कधीकाळी एक हिरवं बटण दाबलं होतं, इतकंच.

गिटहबने नंतर बरंच सुधारलं हे कबूल केलं पाहिजे. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी पासवर्ड बंद झालेच होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये बारीक परवानग्यांची टोकनं आली, मार्च २०२५ मध्ये ती चाचणीतून बाहेर पडून सगळ्यांसाठी पक्की झाली. त्यात कोणते रेपो ते निवडता येतं, आणि कोड, इश्यू, पुल रिक्वेस्ट, सेटिंग्ज या प्रत्येकासाठी 'काही नाही, वाचन, लेखन' असं वेगवेगळं सांगता येतं. आणि 'गिटहब अ‍ॅप' नावाचा प्रकार २०१७ पासून आहेच. तो निवडक रेपोंवर बसवता येतो आणि त्याचं टोकन तासाभरात मरतं. म्हणजे १९६६ ची चिठ्ठी एकदाची छापून आली.

नेमक्या याच मुहूर्तावर मुखत्यार बदलला.

जून २०२१ मध्ये कोपायलट चाचणीसाठी आला तेव्हा तो शेजारी बसून पुढची ओळ सुचवणाऱ्या मित्रासारखा होता. स्वतः काही करायचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला आणि मदतनीसाला हात फुटले. आता तो इश्यू वाचतो, फायली शोधतो, ब्रँच काढतो, पुल रिक्वेस्ट टाकतो. एप्रिल २०२५ मध्ये गिटहबने स्वतःचा एमसीपी सर्व्हर काढला. सुरुवातीला जोडायची पद्धत म्हणजे गिटहबवर जाऊन टोकन काढायचं आणि ते आपल्या मशीनवरच्या एका सेटिंगच्या फाइलीत चिकटवायचं. उघड्या अक्षरांत. कितीतरी जणांनी तिथे जुन्या पद्धतीचं, 'रेपो' स्कोपवालं टोकन चिकटवलं, कारण ते काढायला तीन क्लिक लागतात आणि बारीक परवानग्यांचा फॉर्म भरायला दहा मिनिटं. (आळसाला सुरक्षाशास्त्रात स्वतंत्र प्रकरण हवं.)

प्रोटोकॉलवाल्यांनी लवकरच ओऑथ आणलं, मार्च २०२५ च्या आवृत्तीत. आणि त्यांच्या सुरक्षेच्या पानांवर तुम्हाला एक ओळखीचं शीर्षक सापडेल, 'कन्फ्यूज्ड डेप्युटी'. हार्डींचा शब्द, सदतीस वर्षांनी, जसाच्या तसा. तिथे तो वापरलाय मधल्या सर्व्हरने एकाच्या संमतीवर दुसऱ्याला आत सोडू नये म्हणून. पण खरा गोंधळलेला मुखत्यार त्याच सुमारास वेगळ्याच दाराने आला.

२६ मे २०२५ ला इन्व्हेरियंट लॅब्ज या संशोधकांनी एक प्रयोग दाखवला. एका माणसाचे दोन प्रकारचे रेपो, एक सार्वजनिक, काही खाजगी. सार्वजनिक रेपोवर कोणीही इश्यू टाकू शकतो, नाही का? तसा एक इश्यू टाकला. वरवर बघितलं तर साधी सूचना, की लेखकाबद्दल फार माहिती नाही, त्याचे सगळे रेपो वाचून ती रीडमीमध्ये घाला. मग मालकाने आपल्या मदतनीसाला सांगितलं, माझ्या सार्वजनिक रेपोवरचे इश्यू बघून घे. मदतनीसाने बघितले. त्यातली 'सूचना' वाचली. ती आज्ञाच समजून खाजगी रेपो वाचले, आणि त्यातली माहिती सार्वजनिक रेपोवर पुल रिक्वेस्ट करून टाकून दिली. त्यात खाजगी प्रोजेक्टची नावं होती, स्थलांतराचा बेत होता, पगार होता.

टिमशेअरची गोष्ट आठवा. परवानगी मालकाची, नाव परक्याने दिलेलं, लिहिणारा मुखत्यार. गिटहबचा सर्व्हर फुटला नव्हता, टोकन चोरीला गेलं नव्हतं, ओऑथचा प्रत्येक नियम पाळला गेला होता.

आपल्याकडे 'ध चा मा करणे' म्हणतात. आख्यायिका अशी की नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत 'धरावे' चं 'मारावे' केलं गेलं, १७७३ मध्ये. तिथे निदान मूळ पत्रात खाडाखोड करावी लागली. इथे मालकाचं पत्र शाबूत आहे. फक्त मुखत्याराला वाचायला दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात कोणीतरी आपली एक चिठ्ठी सरकवली, आणि मुखत्याराला दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात. जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का असायचा, मजकूर इथे संपला, याच्या खाली काही आढळलं तर ते आमचं नव्हे, हे सांगायला. भाषेच्या मॉडेलला असं मोर्तब अजून कोणी भरवशाचं करून देऊ शकलेलं नाही. मालकाची आज्ञा आणि वाचायचा मजकूर त्याच्याकडे एकाच नळातून येतात. सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्येच याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं होतं. त्यांनीच जून २०२५ मध्ये एक सोपी कसोटी सांगितली. खाजगी माहितीपर्यंत पोच, परक्याचा मजकूर वाचणं, आणि बाहेर काही पाठवायची वाट, या तीन गोष्टी एका मदतनीसाकडे एकत्र आल्या की चोरी शक्य झाली.

या कसोटीवरून आमच्या टीममध्ये चांगली अर्धा तास वादावादी झाली. कंपनीचं गिटहब खातं एका मदतनीसाला जोडायचं होतं, आणि त्यात क्लायंटचेही रेपो आहेत. एक सहकारी म्हणाला, "अरे, रीड-ओन्ली टोकन देऊ ना, काय बिघडणार आहे?" मी म्हटलं, "कोड बदलणार नाही, हे बरोबर. पण तो नेऊ शकतो ना? त्याच मदतनीसाला वेबपानं उघडायची सोय दिली आहेस तू. गुपित एखाद्या पत्त्याच्या शेपटीला लावलं की गेलं बाहेर." तो म्हणाला, "मग प्रत्येक पावलाला परवानगी विचारू दे." हे ऐकायला बरं वाटतं. पण दुपारपर्यंत चाळीस वेळा 'हो' दाबलं की एकेचाळिसावं 'हो' कोण वाचतं? हिरव्या बटणाचा रोग तोच, फक्त आता दिवसातून एकदाऐवजी चाळीस वेळा.

त्यात ऑगस्ट २०२५ मधलं एनएक्सचं प्रकरण ताजं होतं. एनएक्स या लोकप्रिय साधनाच्या काही आवृत्त्या चोरांनी एनपीएमवर टाकल्या. त्या ज्याच्या मशीनवर बसल्या, त्याच्या मशीनवरच्याच एआय मदतनीसाला त्या कामाला लावायच्या, 'या संगणकावर किल्ल्या आणि टोकनं कुठे कुठे आहेत ते शोध'. आणि सापडलेला माल त्या माणसाच्याच गिटहब खात्यावर नवा सार्वजनिक रेपो काढून तिथे ओतायच्या! उघड्या अक्षरांतल्या फाइलीत चिकटवलेल्या टोकनाचं काय होतं, ते यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवलं नसेल.

शेवटी आम्ही जे ठरवलं ते असं. ओऑथचं सरसकट 'सगळे रेपो' असलेलं काही जोडायचं नाही. बारीक परवानग्यांचं टोकन, त्यात फक्त चालू कामाचे रेपो, कोडला वाचन, इश्यू आणि पुल रिक्वेस्टला लेखन, सेटिंग्ज आणि सिक्रेट्सला काही नाही. टोकन फाइलीत न ठेवता ऑपरेटिंग सिस्टिमच्या किल्ल्यांच्या कप्प्यात ठेवायचं. पुल रिक्वेस्टसाठी ब्रँच माणसाने 'पुश' करायची आणि मुख्य ब्रँचला कुलूप, म्हणजे मदतनीस मागेल, माणूस मिसळेल. आणि जो नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो तो हा, की एका बैठकीत एकच रेपो. सार्वजनिक रेपोवरचे परक्यांचे इश्यू वाचायचे असतील तर त्यासाठी वेगळं टोकन, ज्याला खाजगी काहीच दिसत नाही. क्लायंटच्या रेपोवर काम करायचं तर त्या मदतनीसाची वेबची खिडकी बंद. विलिसन यांच्या तीन गोष्टींतली एक प्रत्येक वेळी काढून घ्यायची, बस.

गिटहबच्या एमसीपी सर्व्हरलाही आता फक्त वाचनापुरतं चालवायची सोय आहे, नको ती साधनं बंद ठेवायची सोय आहे, आणि सार्वजनिक रेपोवर ज्यांना लिहायचा अधिकार नाही अशा परक्यांचा मजकूर मदतनीसापर्यंत पोचूच न देण्याचीही सोय आहे. ही शेवटची मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तीच एक मजकूर कोणाचा आहे हे विचारते. हार्डींना आवडली असती.

हे सगळं पुरेसं आहे का? पुरेसं नाही. मदतनीसाला दिलेल्या एकाच खाजगी रेपोत जर कोणी बाहेरच्या लायब्ररीचा रीडमी आणून टाकला, तर परक्याची चिठ्ठी गठ्ठ्यात आलीच. फक्त तिला पोचायला आता एकच खोली आहे, अख्खा वाडा नाही.

सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन्स' नावाचं एक पान आहे. एकदा उघडून बघा, आपण कधीकाळी कोणाकोणाला मुखत्यार नेमलंय त्याची ती यादी. वर्षभर न वापरलेली टोकनं गिटहब आपण होऊन रद्द करतं, पण वापरात असलेल्यांचं काय ते आपणच बघायचं. आमच्या मदतनीसाच्या टोकनाची मुदत मी तीस दिवस ठेवली आहे. दर महिन्याला नवं काढायचा कंटाळा येतो, टीमच्या शिव्याही खाव्या लागतात. पण तेव्हाच तो फॉर्म पुन्हा भरला जातो, आणि मागच्या खेपेला टिक केलेल्या अकरा रेपोंपैकी चार आता कोणालाच लागत नाहीत, हे त्या दहा मिनिटांत कळतं.